परदेशी ‘परवानाधारक’ गुंतवणूक कंपनी नाशकात येते तेव्हा काय तपासायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. वडील ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झाले, आडगावकडचा प्लॉट नुकताच विकला, हाताशी सगळे मिळून ७० लाख आहेत. गंगापूर रोडवरच्या हॉटेलात एका गुंतवणूक व्यवस्थापन कंपनीचा परिचय कार्यक्रम झाला. कंपनी परदेशातली, ‘परवानाधारक’, उदयोन्मुख बाजारपेठांवर म्हणजे इमर्जिंग मार्केट्सवर भर देणारी. किमान गुंतवणूक २५ हजार डॉलर, वर्षाला १५ टक्क्यांचं ‘लक्ष्य’. ओळख करून देणारे काका तुमच्या सोसायटीतलेच, आणि त्यांनी जागा राखून ठेवण्यासाठी ११ हजार रुपये यूपीआयने घेतले. तुम्ही विचारताय : परवाना आहे म्हणजे पैसे सुरक्षित आहेत ना?

नाही, तेवढ्याने सुरक्षित होत नाहीत. पण कंपनी खोटीच आहे असंही माझं म्हणणं नाही. तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. परवाना खरा आहे का आणि तो तुमच्यासारख्या ग्राहकाला लागू होतो का, हा पहिला. सगळं खरं असलं तरी वडिलांच्या पैशाला उदयोन्मुख बाजारपेठा मानवतील का, हा दुसरा. आणि पैसा कोणत्या वाटेने जाईल व गरज पडली तर कसा परत येईल, हा तिसरा. बहुतेक लोक पहिल्यावरच थांबतात. वडिलांचं वय, दरमहा येणारं पेन्शन, आरोग्यविमा आणि प्लॉटवरचा कर भरला की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. उत्तर त्यावर बदलतं, तिथे तसं सांगेन.

परवान्यापासून सुरुवात करू. परवाना एका ठरावीक कायदेशीर नावाला, ठरावीक कामासाठी, ठरावीक प्रकारच्या ग्राहकांसाठी आणि ठरावीक हद्दीत मिळतो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष निर्यातदाराला हे लगेच कळेल. युरोपला जाणाऱ्या मालाचा रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे औषधांच्या अंशाचा अहवाल, निर्यातीच्या ग्रेपनेट नोंदणीत असलेल्या त्या एका प्लॉटचा असतो. तो दाखवून शेजारच्या बागेतला माल कंटेनरमध्ये चढवता येत नाही. परिचय सभेत मात्र नेमकं हेच होतं. परवाना समूहातल्या एका कंपनीचा असतो आणि पैसे दुसरीच कंपनी घेते.

माझ्याकडे असं पत्रक आलं की मी आधी शेवटच्या पानावरची बारीक अक्षरं वाचतो. ब्रँडचं नाव बाजूला ठेवून तिथलं पूर्ण कायदेशीर नाव, परवाना क्रमांक आणि नियामकाचं नाव कागदावर उतरवून घेतो. मग नियामकाची वेबसाइट स्वतः टाइप करून उघडतो. पत्रकावरचा क्यूआर कोड किंवा पाठवलेली लिंक वापरत नाही. सिंगापूरची कंपनी असेल तर एमएएसची वित्तसंस्थांची सूची, हाँगकाँगची असेल तर एसएफसीची सार्वजनिक नोंदवही, ब्रिटनची असेल तर एफसीएचं रजिस्टर, अमेरिकेची असेल तर एसईसीची सल्लागार शोधयंत्रणा, दुबईच्या डीआयएफसी या वित्तीय केंद्रातली असेल तर डीएफएसएचं रजिस्टर. हे सगळं फुकट आणि सर्वांना खुलं आहे. दहा मिनिटांचं काम आहे.

नोंदवहीत नाव सापडलं की लोक सुटकेचा श्वास टाकतात. खरी तपासणी तिथून पुढे सुरू होते. परवाना चालू आहे की परत केलेला किंवा स्थगित, ते बघा. कोणत्या कामासाठी आहे, ते बघा. हाँगकाँगमध्ये मालमत्ता व्यवस्थापनाचा परवाना ‘टाइप ९’ असतो. ‘टाइप ४’ फक्त शेअर्सबद्दल सल्ला देण्याचा. टाइप ९ च्या नोंदीत खाली अटी दिलेल्या असतात. ग्राहकांची मालमत्ता स्वतःकडे ठेवायची नाही आणि सेवा फक्त व्यावसायिक गुंतवणूकदारांना द्यायची, या दोन अटी तिथे वारंवार दिसतात. व्यावसायिक म्हणजे व्यक्तीच्या बाबतीत ८० लाख हाँगकाँग डॉलरचा पोर्टफोलिओ असलेला माणूस. सिंगापूरमध्ये ‘मान्यताप्राप्त गुंतवणूकदार’ ठरण्यासाठी २० लाख सिंगापूर डॉलरची निव्वळ मालमत्ता, किंवा १० लाखांची निव्वळ आर्थिक मालमत्ता, किंवा वर्षाला ३ लाखांचं उत्पन्न लागतं. आता २५ हजार डॉलर घेऊन जाणारे तुमचे वडील यात कुठे बसतात? बसत नसतील, तर खऱ्याखुऱ्या परवान्यावरही त्या कंपनीला त्यांना ग्राहक करून घेता येऊ नये. फॉर्ममध्ये ‘मी अनुभवी व्यावसायिक गुंतवणूकदार आहे’ अशा चौकटीवर खूण करायला लावत असतील तर हात आखडता घ्या. ती खूण केली की सामान्य ग्राहकाला मिळणारं बरंचसं संरक्षण वडील स्वतःच्या सहीने सोडून देतात.

अमेरिकेबाबत एक गैरसमज फार आहे. ‘एसईसीकडे नोंदणीकृत’ म्हणजे सरकारने कौशल्याची पावती दिली असं नव्हे. नोंदणीतून प्रावीण्य किंवा प्रशिक्षणाची पातळी सिद्ध होत नाही, असं त्या सल्लागारांना स्वतःच्या माहितीपत्रकातच लिहावं लागतं. आणि कंपनी स्थापन झाल्याचं प्रमाणपत्र म्हणजे परवाना तर मुळीच नाही. लंडनमध्ये कंपनी ऑनलाइन, थोड्या खर्चात उघडता येते. पत्रकावर ‘नोंदणी क्रमांक’ एवढंच असेल तर तो कंपनीचा आहे की परवान्याचा, हे विचारायलाच हवं.

आणखी एक प्रकार आहे : नक्कल. खऱ्या, जुन्या कंपनीचं नाव आणि परवाना क्रमांक उचलायचा, वेबसाइट आणि फोन नंबर स्वतःचा द्यायचा. एफसीए अशा नकली कंपन्यांबद्दल सतत इशारे प्रसिद्ध करत असते. म्हणून नोंदवहीत दिलेला फोन आणि ईमेल वापरा, पत्रकावरचा नाही. त्या कंपनीला सरळ विचारा : अमुक नावाची व्यक्ती नाशिकमध्ये तुमच्यातर्फे ग्राहक गोळा करते का, आणि अमुक बँक खातं तुमचं आहे का? उत्तर लेखी मागा. खरी कंपनी असे प्रश्न आनंदाने घेते, कारण नकलेचा त्रास तिलाही होतोच.

आता भारताची बाजू. परदेशातला परवाना भारतात लागू होत नाही. इथे राहणाऱ्या लोकांना पोर्टफोलिओ व्यवस्थापन किंवा गुंतवणूक सल्ला देण्याचा व्यवसाय करायचा तर सेबीची नोंदणी लागते. पोर्टफोलिओ मॅनेजरचा क्रमांक आयएनपी अक्षरांनी सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए अक्षरांनी. सेबीच्या वेबसाइटवर दोन्ही याद्या आहेत. आपल्याकडे पोर्टफोलिओ व्यवस्थापन सेवेची, म्हणजे पीएमएसची किमान रक्कम ५० लाख आहे, पर्यायी गुंतवणूक फंडाची, म्हणजे ‘एआयएफ’ची साधारणपणे १ कोटी. पीएमएसमध्ये आगाऊ शुल्क घ्यायला बंदी आहे, हमीच्या परताव्याचं आश्वासन द्यायलाही बंदी आहे, आणि वितरकाला पोर्टफोलिओ मॅनेजर्सच्या संघटनेकडे, म्हणजे एपीएमआयकडे नोंदणी करावी लागते. वडिलांनी स्वतःहून बँकेमार्फत परदेशात गुंतवणूक करणं कायदेशीर आहे. हॉटेलच्या हॉलमध्ये परदेशी फंडाची विक्री करून लोकांकडून पैसे जमवणं ही वेगळी गोष्ट. तुमच्या काकांना विचारा की त्यांच्याकडे कोणती नोंदणी आहे आणि त्यांना या व्यवहारात किती कमिशन मिळणार आहे. चांगल्या ओळखीचा माणूस असेल तर हे विचारायला संकोच वाटतो, मला कळतं. तरी विचारा. ते स्वतःही भोळेपणाने यात ओढले गेलेले असू शकतात, आणि मग तुमच्या प्रश्नाने त्यांचंही भलंच होईल.

समजा इथवर सगळं चोख निघालं. आता मला जास्त महत्त्वाच्या वाटणाऱ्या मुद्द्याकडे येतो, कारण याबद्दल सभेत कुणी बोललं नसणार.

‘इमर्जिंग मार्केट’ हा शब्दप्रयोग १९८१ मध्ये जागतिक बँक समूहातल्या आयएफसीमध्ये अँटवान व्हान आख्टमाल यांनी रूढ केला. पाश्चात्त्य पेन्शन फंडांना ‘तिसऱ्या जगात पैसे गुंतवा’ म्हटलं तर कोण ऐकणार, म्हणून नवं नाव. १९८८ मध्ये निर्देशांक बनवणाऱ्या एमएससीआय कंपनीने त्यावर निर्देशांक काढला. आज त्यात २४ देश आहेत, पण चीन, तैवान, भारत आणि दक्षिण कोरिया हे चारच मिळून दोन तृतीयांशाहून जास्त वजन खातात. सर्वांत मोठा एकटा शेअर तैवानच्या चिप बनवणाऱ्या टीएसएमसीचा. म्हणजे पत्रकावर ब्राझीलचं जंगल आणि आफ्रिकेची बंदरं दिसली, तरी पैसा बहुधा आशियातल्या मोठ्या कंपन्यांत जातो. फंड निर्देशांकापेक्षा वेगळा असेल तर त्याचे पहिले दहा शेअर्स आणि देशवार टक्केवारी मागा. एवढं देत नसतील तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

त्या चार देशांत भारत आहे, आणि वडिलांच्या बाबतीत सगळी गोम इथेच आहे. न्यूयॉर्कच्या शिक्षिकेचं घर, पगार, पेन्शन सगळं डॉलरमध्ये आहे. तिने दहा टक्के उदयोन्मुख बाजारपेठांत घातले तर ती खरोखर वेगळ्या टोपलीत अंडी ठेवते. तुमच्या वडिलांचं घर नाशकात, पेन्शन रुपयात, भविष्य निर्वाह निधी रुपयात, शेअर्स असतील तर तेही भारतीय. ते आधीच जवळजवळ शंभर टक्के एका उदयोन्मुख बाजारपेठेत गुंतलेले आहेत. २०१३ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडने, रोखेखरेदी आटोपती घेण्याचे संकेत दिले तेव्हा ‘नाजूक पाच’ म्हणून ज्या देशांची नावं घेतली गेली ती होती ब्राझील, भारत, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका आणि तुर्कस्तान. भीती पसरली की जगभरचा पैसा या सगळ्यांतून एकदम बाहेर पडतो आणि त्यांची चलनं बरोबरच घसरतात. जोखीम विभागायची असेल तर भारताच्या भावकीतले देश घेण्यापेक्षा विकसित देशांतल्या बाजारपेठांत थोडा पैसा ठेवणं वडिलांना जास्त उपयोगाचं ठरेल. उदयोन्मुख बाजारपेठांचा फंड वाईट असतो असं नाही. तो वेगळ्या गिऱ्हाइकासाठी बनवलेला आहे, एवढंच.

१५ टक्क्यांच्या लक्ष्याकडे याच नजरेने बघा. एमएससीआयच्या या निर्देशांकाने ऑक्टोबर २००७ मध्ये डॉलरमध्ये जी पातळी गाठली होती, ती लाभांश वगळून पाहिलं तर २०२० संपेपर्यंतही पुन्हा ओलांडली गेली नव्हती. तेरा वर्षं. मधल्या काळात चढउतार जोरदार झाले, काही व्यवस्थापकांनी उत्तम कामगिरीही केली. पण वर्षाला सरळ १५ टक्के हे गृहीत धरून पंचाहत्तरीचं नियोजन करता येत नाही. ‘लक्ष्य’ हा शब्द हमीच्या शब्दाला वळसा घालण्यासाठी वापरला जातो. त्याऐवजी प्रत्यक्ष परतावा मागा : सर्व शुल्क वजा जाऊन, कॅलेंडर वर्षानुसार, फंड सुरू झाल्यापासून, लेखापरीक्षित. ‘निवडक खात्यांचा’ परतावा किंवा ‘मागच्या आकडेवारीवर चालवून पाहिलेला’ परतावा दिला तर तो बाजूला ठेवा.

या बाजारपेठांत जे बिघडतं ते शेअरच्या किमतीच्या पलीकडचं असतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. चलन हे पहिलं. २०२१ मध्ये तुर्की लिराने डॉलरच्या तुलनेत ४० टक्क्यांहून जास्त मूल्य गमावलं. इजिप्तने मार्च २०२४ मध्ये पौंड मोकळा सोडला आणि डॉलरचा भाव सुमारे ३१ पौंडांवरून एका दिवसात पन्नाशीच्या आसपास गेला. स्थानिक शेअर वर गेला तरी डॉलरमध्ये नुकसान, हे तिथे नेहमीचं. दुसरं, दरवाजाच बंद होणं. मलेशियाने सप्टेंबर १९९८ मध्ये भांडवल बाहेर नेण्यावर निर्बंध घातले. रशिया मार्च २०२२ मध्ये निर्देशांकातून काढला गेला तो जवळजवळ शून्य किमतीला. कंपन्या जिवंत होत्या, नफ्यात होत्या, पण परदेशी माणसाला शेअर विकता येईना. तिसरं, मालकी नेमकी कशाची. चीनच्या अनेक मोठ्या इंटरनेट कंपन्यांचा शेअर घेतला की हातात येतो केमन बेटांवरच्या कंपनीचा हिस्सा. चीनमधल्या मूळ धंद्याशी तिचं नातं फक्त करारांचं असतं. व्यवस्थापकाला विचारा की अशा रचनेत किती टक्के पैसा आहे. जाणकार माणूस आकडा लगेच सांगतो.

शुल्काचा हिशेब स्वतः करा. सोयीसाठी डॉलर ९० रुपये धरू, म्हणजे २५ हजार डॉलरचे साडेबावीस लाख. दहा वर्षं वर्षाला १० टक्के मिळाले तर ते सुमारे ५८ लाख ३६ हजार होतात. व्यवस्थापनाचे २ टक्के आणि प्रशासन, कस्टडी म्हणजे मालमत्ता सांभाळणं वगैरेचा अर्धा टक्का गेला आणि हातात साडेसात टक्के राहिले, तर सुमारे ४६ लाख ३७ हजार. जवळपास बारा लाखांचा फरक, आणि यात नफ्यातला वाटा धरलेलाच नाही. नफ्यावर २० टक्के घेत असतील तर ‘हाय वॉटर मार्क’ची अट आहे का ते पाहा. युनिट १०० वरून १३० ला गेलं, तेव्हा त्यांनी वाटा घेतला. मग ते ११० ला आलं आणि पुन्हा १२५ झालं. ही अट असेल तर १३० ओलांडेपर्यंत दुसऱ्यांदा वाटा घेता येत नाही. नसेल तर एकाच चढणीचे पैसे ते दोनदा घेतील. प्रवेश शुल्क वेगळं आहे का, काकांचं कमिशन त्यातूनच जातं का, हेही लेखी घ्या.

आता पैशाची वाट. निवासी भारतीयाला उदारीकृत प्रेषण योजनेखाली, म्हणजे एलआरएसने, एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. बँकेत ए-२ फॉर्म भरायचा, पॅन द्यायचा, गुंतवणुकीचा हेतू स्पष्ट लिहायचा. कुणी ‘हेतू भेट किंवा नातेवाइकाचा खर्च लिहा, लवकर होईल’ असं सुचवलं तर ती फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, कागदावरची खोटी नोंद होते आणि तिचा जबाब वडिलांना द्यावा लागतो. १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक गुंतवणुकीसाठी २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ गोळा केला जाणारा कर, कापते. साडेबावीस लाख पाठवले तर साडेबारा लाखांवर, म्हणजे अडीच लाख. खात्यात २५ लाख आणि बँकेचं शुल्क, एवढी रक्कम हवी. हा टीसीएस बुडत नाही. त्याच वर्षात प्लॉटवरचा भांडवली नफ्याचा कर भरायचा असेल तर त्यात तो वळता होतो, नाहीतर विवरणपत्रानंतर परतावा येतो. तोवर पैसा अडकतो.

काय विकत घेता येतं यालाही मर्यादा आहे. परदेशी फंडाचे युनिट घ्यायचे तर तो फंड किंवा त्याचा व्यवस्थापक तिथल्या वित्तीय नियामकाच्या देखरेखीखाली हवा. शेअर बाजारात नोंद नसलेले परदेशी कर्जरोखे व्यक्तीला गुंतवणूक म्हणून घेता येत नाहीत. ‘लोन नोट’, ‘प्रॉमिसरी नोट’, ‘निश्चित परताव्याचं डॉलर प्रमाणपत्र’ असं काही फंडाच्या नावाखाली पुढे केलं, तर तिथेच थांबा. फसवणुकीच्या दृष्टीनेही हे कागद सर्वांत वाईट, कारण त्यात युनिट नसतं, कस्टोडियन नसतो, फक्त एका कंपनीने दिलेलं वचन असतं.

पैसे कुणाच्या नावावर जातात, यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. नीट बांधलेल्या रचनेत निर्णय घेणारा व्यवस्थापक, मालमत्ता सांभाळणारा कस्टोडियन आणि युनिटची किंमत काढणारा फंड प्रशासक हे तीन वेगवेगळे असतात, आणि लेखापरीक्षक चौथा. पैसे फंडाच्या किंवा कस्टोडियनच्या खात्यात जायला हवेत. व्यवस्थापक कंपनीच्या चालू खात्यात, दुसऱ्याच देशातल्या ‘कलेक्शन’ खात्यात किंवा क्रिप्टोने पाठवायला सांगत असतील तर नकार द्या. युनिटची विवरणं प्रशासकाकडून थेट वडिलांच्या ईमेलवर यायला हवीत, काकांच्या व्हॉट्सॲपवरून नव्हे. लेखापरीक्षकाचं नाव घेऊन त्याच्या कार्यालयात विचारा की या फंडाचं काम तुम्हीच करता का. जगभरच्या मोठ्या घोटाळ्यांत हे तीन-चार हात एकाच माणसाचे निघालेले आहेत.

परतीची वाट तर कुणी विचारतच नाही. समजा फंडातून तिमाहीला बाहेर पडता येतं आणि ९० दिवसांची नोटीस लागते. वडिलांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तुम्ही २० एप्रिलला अर्ज दिला. ३० जूनला ७१ च दिवस भरतात, म्हणून तो अर्ज ३० सप्टेंबरच्या तारखेला धरला जाईल. किंमत ठरून पैसे यायला आणखी महिना, म्हणजे ऑक्टोबरची अखेर. त्यात ‘गेट’ची अट असेल, म्हणजे एका वेळी फंडाच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच पैसे काढू देणार, तर राहिलेली रक्कम पुढच्या तिमाहीत. हे सगळं कायदेशीर असतं आणि माहितीपत्रात छापलेलं असतं. वारसांचंही बघून ठेवा. आपल्या म्युच्युअल फंडासारखं साधं नामनिर्देशन अनेक परदेशी फंडांत नसतं. मृत्यूनंतर तिथल्या कायद्याने मृत्युपत्राची कागदपत्रं लागतात आणि त्याला वेळ आणि वकील दोन्ही लागतात. वडील एकटे धारक असतील तर आईचं नाव संयुक्त म्हणून घालता येतं का, ते आत्ताच विचारा.

कराचं एवढंच : परदेशी युनिट २४ महिन्यांनंतर विकले तर दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के, त्याआधी स्लॅबप्रमाणे. पण विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट दरवर्षी भरावं लागतं, नफा झाला असो वा नसो, तेही कॅलेंडर वर्षाच्या आकड्यांनी. वडील आजवर आयटीआर-१ भरत असतील तर तो चालणार नाही. ही माहिती दिली नाही तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला या दंडातून सूट दिली आहे, पण साडेबावीस लाख त्याच्या वर जातात. तुमचं विवरणपत्र भरणाऱ्याला हे परिशिष्ट भरण्याचा सराव आहे का, ते आधी विचारून ठेवा.

इथवरचं एकत्र धरलं तर माझं मत तुमच्या लक्षात आलं असेल. वडिलांच्या ७० लाखांचा क्रम मी असा लावेन. आधी प्लॉटचा कर. जमीन दोन वर्षांहून जास्त काळ धरलेली असेल तर विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या भांडवली नफा रोख्यांत ५० लाखांपर्यंत घालून तो कर वाचवता येतो. पाच वर्षं पैसे अडकतात, व्याज करपात्र असतं, पण मुदत एकदा गेली की गेली. परदेशी फंडाच्या ‘मर्यादित जागां’पेक्षा तुमच्यासाठी ही तारीख खरी निकडीची आहे. ती आजच काढा. मग वर्षा-दीड वर्षाचा घरखर्च आणि दवाखान्यासाठी वेगळी रक्कम बँकेत. मग ज्येष्ठ नागरिक बचत योजना, माणशी ३० लाखांपर्यंत, व्याज दर तिमाहीला. आईचं वय बसत असेल तर तिचं वेगळं खातं. यानंतर उरेल त्यातलाच पैसा चढउतार सोसू शकतो. परदेशी भाग एकूण बचतीच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये असं मी सांगतो. पेन्शन तुटपुंजं असेल तर शून्यही चालेल. भरघोस पेन्शन आणि चांगला आरोग्यविमा असेल तर दहा ठीक.

तो दहा टक्के उदयोन्मुख बाजारपेठांतच घालायचा वडिलांचा आग्रह असला, तरी सात लाखांसाठी २५ हजार डॉलरचा फंड बसतच नाही. त्यापेक्षा सेबीकडे नोंदलेल्या भारतीय म्युच्युअल फंडांच्या परदेशी योजना पाहा. त्यात रुपयात व्यवहार होतो, टीसीएस नाही, परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट नाही, नामनिर्देशन सोपं आणि तक्रारीला सेबीचं स्कोअर्स हे पोर्टल आहे. अडचण एकच. साऱ्या म्युच्युअल फंडांना मिळून परदेशात ७ अब्ज डॉलरची आणि परदेशी ईटीएफसाठी, म्हणजे शेअरसारख्या बाजारात विकल्या जाणाऱ्या फंडांसाठी, वेगळी १ अब्जाची मर्यादा आहे, त्यामुळे काही योजना मधूनमधून नवे पैसे घेणं बंद करतात. अर्ज करण्याआधी चालू आहे का ते बघावं लागतं. शेअर बाजारात नोंदलेला परदेशी ईटीएफ घ्यायचा तर त्याचा भाव आतल्या मालमत्तेच्या किमतीपेक्षा बराच चढा नाही ना, हे त्या दिवशी तपासा. गुजरातमधल्या गिफ्ट सिटीतल्या आयएफएससीए या नियामकाकडे नोंदलेल्या फंडांचा मार्गही आहे, पण तिथल्या बहुतेक योजनांची किमान रक्कम तुमच्या आवाक्याबाहेरची आहे, आणि तिथे जाणारा पैसाही एलआरएसमधूनच जातो.

राहिले ते ११ हजार. ते कुणाच्या खात्यात गेले ते यूपीआयच्या नोंदीत बघा. ऑक्टोबर २०२५ पासून सेबीने नोंदणीकृत मध्यस्थांसाठी ‘व्हॅलिड’ हा शब्द आणि बँकेचं नाव असलेले खास यूपीआय पत्ते सुरू केले आहेत, आणि सेबीच्या ‘सेबी चेक’ या सुविधेवर खातं तपासताही येतं. काकांच्या वैयक्तिक नंबरवर गेले असतील तर त्यांना साधा मेसेज करा : कंपनीची कागदपत्रं तपासून होईपर्यंत पैसे परत द्या. मेसेजच करा, नुसतं फोनवर बोलू नका. ते देतील तर विषय संपला. टाळाटाळ झाली किंवा नंबर बंद झाला, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली तर तो गोठवण्याची शक्यता बरी असते. स्कोअर्सवर ही तक्रार चालणार नाही, ते नोंदणीकृत संस्थांसाठी आहे.

पत्रकाच्या शेवटच्या पानावरचं पूर्ण कायदेशीर नाव, नियामक आणि परवाना क्रमांक, एवढं इथे लिहा. वडिलांचं नाव, पॅन किंवा खाते क्रमांक टाकू नका. नोंदवहीत त्या परवान्याखाली कोणतं काम आणि कोणत्या अटी दिल्या आहेत, ते पाहून सांगतो.